मंगळदास मार्केट : गोधडीचा वरचा-खालचा थर इथून, मधला दुसरीकडून

मुंबईत घरी गोधडी किंवा क्विल्ट शिवायला घेतलं की पहिला पत्ता मंगळदास मार्केटचाच मिळतो, आणि तो बरोबर आहे. पण नुसतं "सुती कापड दाखवा" म्हणत आत शिरलं तर घरी कापायला बसल्यावर एक रंग कमी पडतो, दुसरा पाण्यात जातो आणि तिसऱ्यात पॉलिएस्टर निघतं. हा बाजार इंच मोजून, यादी करून येणाऱ्याला भरभरून देतो. बाकीच्यांचे पैसे तो कपाटात पडून राहणाऱ्या कापडात घालवतो.

क्रॉफर्ड मार्केटकडून शेख मेमन स्ट्रीटला वळलं की जुम्मा मशिदीजवळ हा छपराखालचा बाजार लागतो. मध्य रेल्वेने येणाऱ्यांना मशीद किंवा सीएसएमटी, पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांना मरीन लाइन्स, आणि मेट्रो ३ चं कालबादेवी स्थानकही चालत गाठण्याजोगं आहे. रविवारी बंद. सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या गेलं तर दुकानदाराला ताके उलगडून दाखवायला सवड असते. संध्याकाळच्या गर्दीत कोपराला कोपर लागतं आणि ट्यूबलाइटखाली पांढरा व मोतिया हे दोन रंग ओळखू येत नाहीत. रंग जुळवायचा असेल तर कापड दाराशी, उजेडात नेऊन पाहायचंच. दुकानदार नाही म्हणत नाहीत.

गोधडीच्या वरच्या थराला कॅम्ब्रिक सगळ्यात उत्तम. ६० काउंटचं (काउंट म्हणजे धाग्याच्या बारीकपणाचं माप) घट्ट विणीचं कॅम्ब्रिक कापताना सरकत नाही, इस्त्रीची घडी धरून ठेवतं आणि माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं कापड, उसवत नाही. पॉपलिन थोडं जाड आणि टिकाऊ, मशीनवर छान चालतं. पण हाताने धावदोरा घालताना तीन थरांतून सुई ओढून ओढून बोटं दुखतात. मलमल अंगाला लागायला फार सुखाची, मात्र तिचे छोटे चौकोन कापू नयेत, उरेब म्हणजे तिरक्या बाजूने ती ताणते आणि चौकोनाचा पतंग होतो. मलमल हवीच असेल तर मोठे तुकडे घ्या आणि कापण्याआधी खळ घालून इस्त्री करा. एकरंगी कापडासाठी मात्र मंगळदासपेक्षा आपल्या वस्तीतलं मॅचिंग सेंटर बरं. ब्लाउजच्या टू बाय टू रुबियात जेवढ्या छटा ओळीने लावलेल्या दिसतात तेवढ्या इथे एका गाळ्यात मिळत नाहीत. रुबियाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बऱ्याचदा कमी असतो, तो आधी विचारायचा.

"प्युअर कॉटन आहे" या वाक्यावर भिस्त ठेवू नका. नमुन्याची दोन बोटांची चिंधी मागून घ्या आणि घरी तिचे उभे आणि आडवे धागे वेगवेगळे काढून चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचा येतो आणि राख बोटावर पीठ होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टणक मणी राहतो. दोन्ही दिशांचे धागे तपासायचे, कारण मिश्र कापडात कधी एकाच बाजूला पॉलिएस्टर असतं. ही परीक्षा बाजारात करायची नाही. चहूकडे कापडाचे ताके रचलेल्या बंद गल्लीत काडी पेटवणं हा सरळ गुन्हा समजावा. मिश्र कापड गोधडीत का नको? पहिल्या धुण्यात सुती तुकडा आटतो, मिश्र तसाच राहतो आणि त्याच्याभोवतीची टीप कायमची चुणते.

आता मापं. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

एका माणसाची गोधडी ६० इंच बाय ९० इंच धरू. शिवून झाल्यावर ६ इंचांचे चौकोन ठेवायचे तर रुंदीत १० आणि लांबीत १५, म्हणजे १५० चौकोन. चारही बाजूंना दोन सूत (पाव इंच) माया धरून प्रत्येक चौकोन साडेसहा इंचांचा कापायचा. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून काठ सोडून आणि धुण्यातली घट धरून ४२ इंच हाती राहतात, त्यात एका पट्टीतून सहा चौकोन निघतात. सवयीने आपण "प्रत्येक रंगाचं अर्धा मीटर" मागतो. अर्धा मीटर म्हणजे जेमतेम १९.७ इंच. तीन पट्ट्यांना १९.५ इंच लागतात. कापड धुऊन आटलं आणि दुकानदाराची कात्री अर्धा इंच तिरकी गेली की दोनच पट्ट्या निघतात, बारा चौकोन, आणि सहा इंचांची पट्टी वाया. म्हणून ६० सेंटिमीटर मागा. तीन पट्ट्या, १८ चौकोन बिनघोर निघतात. नऊ रंग घेतले तर १६२ चौकोन होतात, १५० वापरून १२ चौकोन खराब झालेल्यांच्या जागी उरतात. काही गाळ्यांवर एक मीटरच्या खाली कापत नाहीत. तिथे पाच रंग एकेक मीटर घेतले की प्रत्येकातून पाच पट्ट्या, तीस चौकोन, हिशोब बरोबर १५०. पण मग चुकायला जागा राहत नाही, सहावा रंग जवळ ठेवलेला चांगला.

पाठीसाठी चारही बाजूंना ४ इंच जास्तीचं कापड हवं, कारण टिपा घालताना मागचा थर आत ओढला जातो. म्हणजे ६८ बाय ९८ इंच. ४४ इंच पन्ह्यात हे करायचं तर लांबीत दोन पाट जोडावे लागतात आणि सव्वापाच मीटर कापड जातं, शिवाय बाजूने भरपूर उरतं. ५८ इंच पन्हा मिळाला तर पाट आडवे लावायचे, पावणेचार मीटरमध्ये काम होतं. आणि चादरीचं ९० इंच पन्ह्याचं कापड मिळालं तर पावणेतीन मीटर पुरे, जोडच नाही. मोठ्या पन्ह्याचा भाव ऐकून दचकू नका, भागाकार करा: ५८ इंच म्हणजे ४४ च्या साधारण एक तृतीयांश जास्त. भाव एक तृतीयांशापर्यंत चढा असेल तर तेच स्वस्त. कडेच्या पट्टीला अडीच इंची आठ पट्ट्या लागतात, म्हणजे तिथेही ६० सेंटिमीटर. गोधडीची कड सरळ असेल तर पट्टी उरेब कापायची गरज नाही; उरेब फक्त गोलाई असलेल्या कडेला.

ब्लॉक प्रिंट, अजरख आणि कलमकारी ही मंगळदासची श्रीमंती आहे. एका गल्लीत इतक्या तऱ्हा बघून हात आवरत नाही. पण गडद लाल, नीळ आणि काळा हे तीन रंग पांढऱ्या कॅम्ब्रिकशेजारी लावण्याआधी पारखलेच पाहिजेत. ओल्या पांढऱ्या चिंधीने कापड जोरात घासा. मग तोच तुकडा त्या चिंधीसह कोमट साबणाच्या पाण्यात तासभर ठेवा. चिंधीला रंग लागला तर कापड वेगळं धुवा, पाणी नितळ येईपर्यंत. तीन-चार धुण्यांनंतरही पाणी रंगीत येत असेल तर ते कापड गोधडीत घालू नका, त्याची पिशवी शिवा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो ही समजूत सोडून द्यावी. मीठ कापड रंगवताना रंग धाग्यात ओढायला मदत करतं. रंगून बाजारात आलेल्या कापडातला जादा रंग ते धरून ठेवत नाही. तो धुऊन काढणं हाच उपाय. आणि सगळंच कापड कापण्याआधी पाण्यातून काढायचं, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं आणि प्रत्येक कापड आपापल्या वेगाने आटतं.

मधला थर मात्र मंगळदासमधून घेण्याच्या भानगडीत पडू नये, तो गादीवाल्याकडून आणावा. तिथे "क्विल्टिंगचं वॅडिंग" म्हटलं तर चेहरे कोरे राहतात. "फायबर शीट" म्हणा आणि जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) सांगा. मुंबईच्या हवेला १०० जीएसएम भरपूर झालं. आपल्या मापाच्या गोधडीत ते जेमतेम साडेतीनशे ग्रॅम भरतं, पंख्याखाली किंवा एसीत पांघरायला पुरेसं. २०० जीएसएम दुप्पट जड होतं, साध्या मशीनच्या पायाखालून मुश्किलीने सरकतं आणि मे महिन्यात कपाटातून बाहेर येत नाही. शीट घेताना एक कोपरा दोन्ही हातांनी ओढून पाहा. चांगली शीट ताणून परत जागेवर येते. हलकी शीट मध्ये विरळ होते, धागे सुटे होतात, आणि ते धागे पुढे मलमलीसारख्या विरळ कापडातून लव होऊन बाहेर येतात. धुतल्यावर गोधडीवर कोळिष्टक दिसतं ते हेच, त्यावर इलाज नाही.

पिंजलेला कापूस घालायची इच्छा असेल तर टिपांमधलं अंतर दोन इंचांच्या वर नको, नाहीतर पहिल्या धुण्यात कापसाचे गोळे होऊन कोपऱ्यात जमतात. फायबर शीटला चार इंच चालतात. शिवाय इथला पाऊस लक्षात घ्या. जाड कापसाची गोधडी जुलैत धुतली तर चार दिवस वाळत नाही, आत कुबट वास धरते आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. फायबर दुसऱ्या दिवशी वाळतं. पण फायबरवर कडक इस्त्री फिरवली तर ते कायमचं बसतं, म्हणून तयार गोधडीला इस्त्री नाही.

या दोन्हींपेक्षा चांगला मधला थर घराघरांत आधीच असतो: जुन्या सुती साड्या. एका नऊवारीतून ९० इंचांचे तीन तुकडे निघतात आणि वर थोडं कापड उरतं. वर्षानुवर्षं धुऊन ती पूर्ण आटलेली असते, रंग जायचा तेवढा गेलेला असतो आणि सुई लोण्यातून जावी तशी जाते. आपल्याकडे वाकळ याच कारणाने टिकत आली. तीन-चार साड्यांचे थर लावले तर वजन वाढतं, त्यामुळे हे काम हाताने. मशीनवर साडीच्या दोन थरांच्या पुढे जाऊ नका.

थर एकमेकांवर घालायला मुंबईच्या घरातली दोन फुटी फरशी ही सोय आहे. पाठीचं कापड उलटं अंथरून फरशीच्या सांध्याला काटकोनात लावा, कडा मास्किंग टेपने चिकटवा. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलं तर टेप काढल्यावर ते आक्रसतं आणि मागे चुण्या पडतात. त्यावर शीट, त्यावर वरचा थर, आणि मधून सुरुवात करून कडेपर्यंत मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना. एवढ्या गोधडीला साडेतीनशेच्या आसपास पिना लागतात. तितक्या नसतील तर चार-चार इंचांवर लांब धावदोरा घाला, तो नंतर उसवता येतो. साध्या टाचण्या नकोत, त्या फिरताना निसटतात आणि पुढे पायात सापडतात.

हत्यारांत एक गोष्ट अशी की तिच्यावर काटकसर करू नये: गोल पात्याचं कटर. जपानच्या ओल्फा कंपनीने ते १९७९ साली पहिल्यांदा बाजारात आणलं आणि क्विल्ट करणाऱ्यांचं काम बदलून टाकलं. ४५ मिलिमीटरचं पातं घरच्या कामाला योग्य, चार थर एका दाबात कापतं. ठरावीक अंतरावर एखादा धागा न कापता राहू लागला तर पात्याला एका जागी खाच पडली आहे असं समजा: ४५ मिलिमीटरच्या पात्याचा घेर साडेपाच इंच, आणि धागाही दर साडेपाच इंचांवरच राहतो. टाचणीवरून कटर गेलं की हे होतं. कापायची हिरवी मॅट उन्हाच्या खिडकीत ठेवू नका आणि तिच्यावर इस्त्री तर मुळीच करू नका. एकदा वाकली की सपाट होत नाही. पट्टी आणि मॅट यांच्या खुणा नेहमी जुळतातच असं नाही, म्हणून मोजमाप फक्त पट्टीवर, मॅट निव्वळ खाली अंथरायला.

दोन सूत माया म्हटलं की शिंपीकामातल्या हाताला ती बारीक वाटते आणि टीप आपोआप अडीच-तीन सुतांवर जाते. दर जोडाला दोन मिलिमीटर जास्त गेले तर १० चौकोनांच्या रांगेत नऊ जोड, १८ मिलिमीटर, पाऊण इंचाला थोडी कमी घट. आणि ती प्रत्येक रांगेत वेगळी आली तर रांगा एकमेकींना लागत नाहीत. सुरुवातीला ही चाचणी करा: दीड इंच रुंद, सहा इंच लांब अशा तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा, माया एका बाजूला दाबून इस्त्री करा आणि मोजा. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच यायला हवी. कमी आली तर टीप दोन सुतांच्या एक-दोन धागे आतच घ्यायची, कारण कापड घडी पडताना तेवढं खातं. मशीनच्या प्लेटवर सुईपासून मोजून रंगीत टेप लावून ठेवली की हात चुकत नाही. जोडायला १२ नंबरची सुई आणि टाका दोन ते अडीच मिलिमीटर. तीन थरांवर टिपा घालायला १४ नंबर आणि टाका तीनच्या वर. जुनी बोथट सुई तीन थरांत टाके सोडते, मशीन बिघडलं म्हणून कारागीर बोलावण्याआधी सुई बदला.

मशीनवर गोधडी टिपायची असेल तर वॉकिंग फूट हवा. साध्या पायाखाली दात फक्त खालचं कापड पुढे ढकलतात, वरचं पायाच्या दाबाने मागे राहतं, आणि टीप कडेला पोहोचेपर्यंत वर घडी साचते. वॉकिंग फूटला वरूनही दात असतात आणि त्याची काटेरी भुजा सुईच्या स्क्रूवर बसते, त्यामुळे तिन्ही थर बरोबर चालतात. घ्यायला जाताना मशीनचा पाय खाली करून पाय बसवायच्या स्क्रूची उंची मोजा. अर्ध्या-पाऊण इंचात असेल तर कमी उंचीचा, एक इंचाच्या वर असेल तर जास्त उंचीचा. घरगुती मशीनला बहुधा कमी उंचीचा लागतो. जुनी पायाची काळी मशीन असेल तर सुट्या भागांच्या दुकानात जुना पाय बरोबर न्या, तोंडी वर्णनावर घेऊ नका.

नेहमीच्या चौकोनांपलीकडे काही करून पाहायचं असेल तर मंगळदासमधली नेटची आणि ऑर्गन्झाची दुकानं धुंडाळावीत. कापडाच्या नखाएवढ्या चिंध्या पाठीच्या कापडावर रंगाप्रमाणे पसरायच्या, वर बारीक नेट घालायची आणि पाव-पाव इंचावर मोकळ्या टिपा, म्हणजे कापड हाताने हवं तसं सरकवत घातलेल्या टिपा, फिरवायच्या. समुद्र, डोंगर, पावसाळी आभाळ असं चित्र रंगाशिवाय उभं राहतं. मोकळ्या टिपांसाठी मशीनचे दात खाली घ्यायचे, तशी सोय नसेल तर टाका शून्यावर ठेवून दातांवर भोक पाडलेलं गुळगुळीत कार्ड चिकटवायचं. दोरा सारखा तुटला तर हात मशीनच्या वेगापेक्षा जास्त पळतोय. नायलॉनच्या नेटला गरम इस्त्री लागली की भोक पडतं, म्हणून मध्ये सुती रुमाल. आकार चिकटवून शिवायचे असतील तर "पेस्टिंग" मागू नका. त्या शब्दाला कॉलरचं एका बाजूला गोंद असलेलं बुकरम हातात येतं. दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाळी हवी असं फोड करून सांगा.

चिंध्यांपासून सुरुवात करणाऱ्यांनी कर्नाटकातल्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी ही गोधडी जरूर पाहावी. ती मोजून कापलेल्या चौकोनांची नसते. पाठीचं कापड धरून कडेकडून मध्याकडे तुकडे दुमडत, धावदोऱ्याने शिवत जायचं, आणि कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावायची. कटर नको, पट्टी नको. मधला थर नसला तरी चालतं. मुंबईच्या दमट हवेत वापरायला याहून सोयीची गोधडी नाही. शिंप्याकडची कात्रणं घेतली तर आधी ताणून पाहा. लायक्रा आणि होजिअरीचे तुकडे बाजूला काढा, ते धावदोऱ्याखाली फुगे धरतात.

आणि बाजारात पैसे देण्याआधी दोन गोष्टी. कापलेलं कापड सहसा परत घेत नाहीत, म्हणून कात्री लागण्याआधी लागेल तेवढं पूर्ण उलगडायला लावा. छपाईची जोडरेघ, तेलाचा डाग, सुटलेला धागा याच वेळी दिसतो. पन्हा टेपने मोजा, ४४ म्हणून दिलेला कधी ४२ भरतो आणि मग एका पट्टीतून सहा चौकोन जेमतेम निघतात. गल्ल्या सगळ्या सारख्या दिसतात, तेव्हा बिलाच्या पाठीमागे गल्ली आणि गाळा लिहून घ्या आणि त्याच कापडाची बोटभर चिंधी बिलाला टाचून ठेवा. कापड कमी पडलं तर आठ दिवसांत जा. त्याच छपाईचा पुढचा ताका वेगळ्या छटेत येतो आणि गोधडीत तो फरक दारातून दिसतो.